इसाराची सात खंडी

या मित्रांनो, जरा जवळ या. भिऊ नका, माझ्यात उंदीर नाहीत. एक-दोन होते, पण खायला काही मिळेना म्हणून तेही रुसून निघून गेले. मी एक जुनी ढोली आहे. धान साठवायची बांबूची कणगी असते ना, तिलाच आमच्या झाडीपट्टीत ढोली म्हणतात. पोट मोठं, मान आखूड, आणि खाली बुडाशी धान काढायला वीतभर तोंड. दिसायला मी काही सुंदर नाही. ते मला ठाऊक आहे, पुन्हा कोणी सांगायची गरज नाही.

माझा बांबू एटापल्लीकडच्या जंगलातला. झिंगू बुरडाने तो फोडला, त्याच्या कांब्या काढल्या आणि पाच दिवस अंगणात बसून मला विणलं. सहाव्या दिवशी मनकर्णाबाई आली. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं, पण भाव करायला बसली ती अगदी सासूसारखी. तिने मला गुडघ्याने दाबलं, आतून हात फिरवला, एक कांबी मोडकी आहे म्हणून दाखवली. ती मोडकी नव्हती, मी सांगते. आमच्याकडे खंडीभर धान एका माणसाला वर्षभर पुरतं. झिंगू हसत म्हणाला, "बाई, घरात माणसं दोन अन् ढोली सात खंडीची? भरसान कायनं?"

"भरन," एवढंच ती बोलली आणि मला बैलगाडीत टाकून घरी घेऊन आली.

तिचं घर चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, मूल गावाकडे जाणाऱ्या वाटेपासून आत, रानाला लागून असलेल्या एका गावात होतं. तिने मला आतून बाहेरून शेणमातीचे चार हात दिले, तळाला तणसाची गादी केली आणि सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, मानाच्या जागी बसवलं. मी फार खूश झाले. पहिलं धान पोटात पडलं तेव्हा तर अंग शहारलं माझं. नवं धान थोडं ऊन असतं, तुम्ही कधी हात घालून बघा.

मनकर्णाचा नवरा पत्रू. माणूस कष्टाचा, जिभेचा गोड आणि हट्टाचा पक्का. स्वतःची जमीन नव्हती, दुसऱ्याच्या बांध्या अर्ध्या वाट्याने करायचा. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. वर्षभर चिखलात राबायचं आणि खळ्यावर धानाची रास पडली की अर्धी दुसऱ्याच्या गाडीत चढलेली बघायची. पत्रू त्या दिवशी जेवत नसे. म्हणून दोघांनी ठरवलं होतं की घरच्या हंडीत धान जायच्या आधी दोन टोपली माझ्यात पडतील. त्यातून एक दिवस आपली बांधी होईल. खालून जुनं धान खायला काढायचं, वरून नवं जास्त भरायचं. असं करत करत मी दरवर्षी चढत गेले.

पत्रू संध्याकाळी बांधीवरून आला की पाय धुवायच्या आधी माझ्या पोटावर बोटांनी ठोकायचा. धप धप असा भरल्या पोटाचा आवाज आला की म्हणायचा, "बांधी आहे ह्याच्यात, बांधी!" गावात कोणाकडे पाहुणा आला तर त्यालाही मला दाखवायला आणत. मी मान आखूड असूनही ताठ करून उभी राहायची.

बचत काही एकटी माझ्यातच नव्हती बरं. पत्रूने जंगलातली लाकडं ओढून हेल्यांची जोडी घेतली होती. रेड्याला आमच्याकडे हेला म्हणतात, धानाचा चिखल करावा तर त्यानेच. शिवाय शाळेतल्या मास्तरांनी मागे लागून लागून पोस्टाचं बचतीचं सर्टिफिकेट घ्यायला लावलं होतं. ते पिकायला अजून काही वर्षं होती. म्हणजे या घराची एक ठेव माझ्या पोटात, एक गोठ्यात आणि एक पोस्टात. पण मोठी मीच, त्यात वादच नाही.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती तीन वर्षं या घरात फक्त मला आणि मनकर्णालाच माहीत होती.

एका उन्हाळ्यात पत्रू हेले घेऊन भामरागडकडे लाकडं ओढायला गेला. तिकडे पाऊस आधीच कोसळला, नद्या भरल्या आणि वाट बंद पडली. दीड महिना माणूस तिकडेच अडकला. इकडे मात्र चार सरी पडल्या आणि आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. पावसाचा कारभार हा असा असतो. गावाच्या मागे, रानात, गोंडांचा चार घरांचा टोला होता. त्यांनी पेरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उन्हात जळून गेली. पुन्हा पेरायला त्यांच्याकडे बी नव्हतं आणि मोहफुलंही सरत आली होती.

टोल्यावरची सोमारी आणि तिचा नवरा जंगू सपरीत येऊन बसले. मनकर्णाच्या बाळंतपणात हीच सोमारी तीन दिवस तिच्या उशापासून हलली नव्हती.  जंगू म्हणाला, "बाई, बिजाईपुरतं देतेस काय? चार घरं आहोत. पाऊस येऊन राह्यला तर पेरू, नाई तर रान आहे आमचं."

मनकर्णा घाबरली. तिने मला हात लावायचा नाही असं पत्रूला वचन दिलं होतं. विचारावं तर पत्रू नद्यांच्या पलीकडे. पत्र टाकावं तर टपालही बंद. ती उठली, माझ्याजवळ आली, माझ्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. मी मनात म्हणत होते, देऊ नको ग बाई, देऊ नको. मी खरं तेच सांगते, मी तेव्हा फार चिंगूस होते. तिने बुडाचा बोळा काढला आणि दोन खंडी धान मोजून दिलं. पेरायला एक आणि खायला एक.

माझा वरचा भाग खोल गेला. पत्रू आला तर झाकण उघडताच त्याला दिसलं असतं. मनकर्णाने मग काय करावं? घरी कांडलेल्या धानाचं तूस पडलं होतं, ते तिने माझ्या छातीपर्यंत भरलं आणि वरून वीतभर धानाचा थर दिला. अहो, तुसाने अंग किती खाजतं ते तुम्हाला काय सांगू! तीन वर्षं मी ती खाज सोसली, कारण माझ्या सात खंडी पुऱ्या झाल्या असं मानून पत्रूने तेव्हापासून खायचं धान वेगळं ठेवलं आणि माझा बोळाही काढला नाही. पत्रू आला, त्याने नेहमीसारखं पोटावर ठोकलं, पोटात धानच होतं, धप धप वाजलं. "बांधी आहे ह्याच्यात," तो म्हणाला. मनकर्णा तांदूळ पाखडत होती, ती पाखडतच राहिली. पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जड होतं. तिचं तसंच झालं.

पुढे गंमत काय झाली माहीत आहे? रोवणीच्या दिवसांत, म्हणजे पऱ्हे उपटून चिखलात लावतात तेव्हा, गावात मजूर बायांची ओढाताण असते. पण पत्रूच्या बांधीत सोमारी आणि टोल्यावरच्या सात-आठ बाया न बोलावता हजर. लागोपाठ तीन रोवण्या त्यांनी केल्या आणि मजुरी घेतली नाही. पत्रूला बांधावर उभं राहून गाणं म्हणायची सवय होती. आवाज भसाडा, पण हौस मोठी. तो गावभर सांगत फिरायचा, "माह्या गाण्यासाठी येतात बाया. मजुरी देतो म्हटलं तर नाई म्हणतात!" मनकर्णा पदराआड हसायची आणि मग एकदम कामाला लागायची.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. माघ महिना होता. गावातले दादाजी म्हातारे सपरीत आले. बायको वारली, मुलगा वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, म्हणून ते जमीन विकून तिकडे निघाले होते. त्यांच्या तीन बांध्या होत्या, दोन वरच्या आणि एक खालची, बोडीला लागून. बोडी म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं. त्या खालच्या बांधीवर सगळ्या गावाचा डोळा होता, कारण पाऊस रुसला तरी तिला पाणी मिळायचं.

दादाजी म्हणाले, "पत्रू, मूलचा एक व्यापारी मांगं लागला आहे. पण तू माह्या शेजाऱ्याचा पोरगा, पयले तुले इचारतो. बाकी पैसा दोन वर्सात दे. पण इसार मले आता पायजे अन् धानातच पायजे."

सौदा पक्का करताना आधी जे द्यायचं तो इसार. धान कशाला, असं पत्रूने विचारलं. तर म्हातारा म्हणाला, "वरोऱ्याले काय खाऊ? तिकडं ज्वारीच ज्वारी. साठ वर्सं भात खाल्लेलं हे पोट आता भाकरीले आयकन काय? तुह्या ढोलीत जुनं धान आहे, साऱ्या गावाले माहीत आहे. सात खंडी दे. मरेपर्यंत पुरन मले."

पत्रूने माझ्याकडे बघितलं, मग चार शेजारी बसले होते त्यांच्याकडे बघितलं, आणि छाती काढून म्हणाला, "देल्ले! शिमग्याच्या आधी सात खंडी!" मनकर्णा दारात उभी होती.  माझ्यात पाच खंडी धान होतं, मित्रांनो. बाकी तूस.

 दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रू टोपलं घेऊन मोजायला बसला तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, "थांबा. त्याच्यात सात खंडी नाई."

"हाय म्हणजे हाय. मी रोज ठोकून पायतो."

मनकर्णाने माझं झाकण काढलं, वरचं धान बाजूला केलं आणि ओंजळभर तूस त्याच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"तूस."

"ते दिसून राह्यलं मले. धान कुठी आहे?"

तिने सगळं सांगितलं. रडली नाही, लपवलं नाही. पत्रू ऐकत बसला. मला वाटलं आता हा लाथ मारून माझे तुकडे करतो. त्याने तसं काही केलं नाही. फक्त म्हणाला, "म्हणजे तीन वर्सं मी तुसाचा मालक होतो? अन् चार माणसात जबान देऊन बसलो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मला माझीच लाज वाटली.

मग दोघं हिशोबाला बसले. दोन खंडी कुठून आणायचं? शेजारी सारे आपापल्या पुरतं ठेवून बाकीचं विकून मोकळे झाले होते.

"हेले इकतो," पत्रू म्हणाला.

"अन् बांधी आल्यावर चिखल कायनं करान? तुमी अन् मी जुपू काय?"

"बिजाईचं धान अन् खायाचं धान, दोनी घालतो."

"मंग आखाडात पेरसान काय? हे तूस?"

"तर सर्टिफिकेट मोडतो. पैशाचं धान इकत घेतो."

"मास्तर म्हणे, आता मोडलं तर टाकलं तेवढंच हाती येईन. अन् बाकी दोन वर्सात देयाची आहे, ती कायनं देसान? आज सारं झाडून पुसून देल्लं अन् एक साल खराब निघालं, तर बाकी बुडन, बांधी बुडन, अन् इसारही गेला म्हणून समजा."

पत्रू चिडला. "तुले बांधी नको आहे काय?"

"मले बांधी पायजे," मनकर्णा म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "तुमच्याऊन जास्त पायजे. म्हणून तर सांगून राह्यली."

पत्रू उठला आणि बाहेर निघून गेला. दुपारी परत आला तो वेगळाच चेहरा घेऊन. उंबऱ्यावर बसला आणि हळूच विचारलं, "रोवणीच्या त्या बाया… मजुरी काऊन घेत नव्हत्या?"

मनकर्णाने चुलीकडे तोंड फिरवलं.

"ते धानच फेडून राह्यल्या होत्या काय?"

"हाव."

"अन् मी साऱ्या गावात सांगत फिरलो, का माह्या गाण्यासाठी येतात!" त्याने कपाळावर हात मारून घेतला. आधी तो हसला की रडला हे मला अजून कळलेलं नाही. पण मनकर्णाही हसली आणि तिनेच त्याला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी ठरलं. हेले विकायचे नाहीत, बिजाईला हात लावायचा नाही, सर्टिफिकेट बाकी द्यायला ठेवायचं. ढोलीत जेवढं खरं धान आहे तेवढंच इसारात द्यायचं. आणि ते खरं काय आहे, ते दादाजींना तोंडावर सांगायचं.

दादाजी गाडी घेऊन आले. सोबत तेच चार शेजारी. पत्रू बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मनकर्णा त्या माणसांपुढे येऊन उभी राहिली. आमच्या गावात तेव्हा बाया अशा पुढे येत नसत. ती म्हणाली, "दादाजीभाऊ, पाचच खंडी आहे. दोन मी टोल्यावर देल्लं होतं, घरधन्याले सांगतलं नाई. त्याहिची जबान खोटी नाई, खोट माही आहे."

"माही नाई, आमची म्हण," पत्रू मध्येच बोलला. "धान दोघाईचं, तर खोटही दोघाईची."

 मित्रांनो, माझ्या पुऱ्या आयुष्यात मी त्याच्याएवढं भारी बोलणं ऐकलं नाही.

दादाजी काही देवमाणूस नव्हते, आणि वाईटही नव्हते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पाच खंडी म्हणजे माहं दोन वर्साचं जेवण कमी झालं," ते म्हणाले. "पण खरं बोलली बाई. वरच्या दोन बांध्या तुमाले देतो. बोडीची बांधी त्या व्यापाऱ्याले जाईन. त्याच्यावर काई म्हणू नोको, पत्रू."

पत्रूचा चेहरा उतरला. बोडीची बांधी हातची गेली. पण तो म्हणाला, "नाई म्हणत. काढा धान." आणि माझा बोळा निघाला. पाच खंडी धान माझ्यातून धो धो वाहत गाडीत गेलं. मग ते मेलं तूसही काढून उकिरड्यावर टाकलं. मी पहिल्यांदाच पुरी रिकामी झाले. मला खूप रडू आलं. सगळा मान गेला असं वाटलं. पूर्ण पावसाळा मी तशीच रिकामी उभी होते आणि कोणी पाहुणा मला बघायला आला नाही.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. वरच्या बांध्यांना पाणी कमी पडलं, व्यापाऱ्याची बोडीची बांधी मात्र हिरवीगार डोलत होती. येता-जाता पत्रू तिच्याकडे वळून बघायचा. रोवणीला सोमारीच्या बाया आल्या तेव्हा त्याने प्रत्येकीला मजुरी दिली. बाया घेईनात, तर म्हणाला, "फिटलं तुमचं. आता नाई घेतली तर मी गाणं म्हणीन." सोमारीने पदर पसरून पैसे घेतले.

दिवाळीनंतर मळणी झाली. धान फार नव्हतं, साडेतीन खंडी असेल. पण खळ्यावर अर्धा वाटा न्यायला कोणाची गाडी आली नाही. पत्रूने ते सगळं आपल्या घरी आणलं आणि त्या रात्री तो पोटभर जेवला. सकाळी पहिलं टोपलं त्याने माझ्या तोंडाशी धरलं आणि ओतायच्या आधी थांबला.

"मनकर्णे," तो म्हणाला, "यातलं टोल्यावर किती जाणार आहे, ते आताच सांगून ठेव. मंग तूस भराची पाळी नोको."

"दोन टोपले," ती म्हणाली.

त्याने तीन टोपली बाजूला काढून ठेवली आणि मग मला भरायला घेतलं.

मित्रांनो, सर्टिफिकेटातून दादाजींची बाकी फिटली आणि मी पुढेही पुष्कळ वर्षं भरले आणि रिकामी झाले. मग तागाची पोती आली, पत्र्याची कोठी आली आणि मला इथे मागच्या पडवीत सरकवलं. माझी काही तक्रार नाही. पण माझं एक मागणं आहे. तुम्ही साठवा, जरूर साठवा, आणि जमीन घ्या, घर घ्या, जे हवं ते घ्या. पण घरात खरं धान किती आणि तूस किती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आई जे लपवते ते बापाला सांगायची हिंमत तिला यावी, इतकं बापाने ऐकून घ्यावं. आणि सगळं ओतून देताना बी तेवढं राखून ठेवा.

जमलं तर मला थोडं शेणमातीनं लिपूनही घ्या. डाव्या बाजूने माझी एक कांबी सुटायला लागली आहे.